फ्रेम सिंक चालू असूनही तिसरा कॅमेरा का येत नाही? स्विचरचे फॉरमॅट, जेनलॉक आणि आवाजाचा डिले

प्रश्न लातूर जिल्ह्यातील एका तरुण व्यावसायिकाचा आहे. गावातील अखंड हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनांचे थेट प्रक्षेपण त्यांच्याकडे आहे. चित्र यूट्यूबवर जाते आणि मंडपातील एलईडी वॉलवरही दिसते. त्यांच्या स्विचरला, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतून हवे ते चित्र निवडणाऱ्या यंत्राला, आठ एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओ केबलचे) इनपुट आहेत. आठही इनपुटला फ्रेम सिंक (येणारी फ्रेम स्विचरच्या घड्याळाशी जुळवणारी सोय) आहे, पण स्केलर (चित्राचा फॉरमॅट बदलणारी सोय) फक्त दोनच इनपुटला आहे. दोन कॅमकॉर्डर थेट एसडीआयवर आहेत, तिसरा मिररलेस कॅमेरा एचडीएमआय ते एसडीआय कन्व्हर्टरमधून येतो, शिवाय अभंगांच्या ओळी दाखवणारा लॅपटॉप आणि एक ड्रोन आहे. त्यांच्या तक्रारी तीन आहेत. तिसरा कॅमेरा मॉनिटरला लावला की दिसतो, पण फ्रेम सिंक चालू असूनही स्विचरवर येत नाही. लॅपटॉपवरच्या सरकत्या ओळी अडखळतात. एलईडीवर महाराजांचे ओठ आवाजाच्या मागे राहतात. शेवटी त्यांनी विचारले आहे की सगळ्या इनपुटचे फ्रेम सिंक चालू ठेवावे की बंद, सिस्टीम, म्हणजे स्विचरचा मूळ फॉरमॅट, १०८०आय५० वर ठेवावी की १०८०पी६० वर (आय म्हणजे इंटरलेस, पी म्हणजे प्रोग्रेसिव्ह), आणि प्रत्येक सोर्ससाठी वेगळे कन्व्हर्टर विकत घ्यावे का.

तुम्ही या तिन्ही तक्रारींना एकच आजार मानून फ्रेम सिंकमध्ये औषध शोधत आहात, आणि गुंता तिथेच झाला आहे. पहिली तक्रार फॉरमॅटची आहे, दुसरी फ्रेम रेटची आणि तिसरी डिलेची. फ्रेम सिंकचा पहिल्या दोन्हींशी जवळजवळ संबंध नाही. तिसरीशी संबंध आहे, पण तो उलटा आहे, कारण फ्रेम सिंक डिले वाढवते. म्हणून आधी या यंत्रणेचे नेमके काम काय, ते पाहू.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात त्याचे स्वतःचे घड्याळ असते आणि त्या घड्याळावर तो नवी फ्रेम सुरू करतो. दोन कॅमेरे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच सेटिंगवर असले, तरी एकाची फ्रेम सुरू होते त्या क्षणी दुसऱ्याची फ्रेम अर्ध्यावर असू शकते. स्विचरला कट करायचा तर तो दोन फ्रेमच्या मधल्या सांध्यावरच करावा लागतो. दोन्ही चित्रांचे सांधे एका वेळी येत नसतील तर कट मारताना चित्र उडते किंवा क्षणभर फाटते. मिक्स किंवा वाइप तर जमणारच नाही, कारण तिथे दोन्ही चित्रे ओळीला ओळ जुळलेली लागतात. फ्रेम सिंक येणारी फ्रेम कॅमेऱ्याच्या घड्याळाप्रमाणे मेमरीत लिहून घेते आणि स्विचरच्या घड्याळाप्रमाणे वाचून पुढे देते. तिचे काम एवढेच. त्यासाठी फ्रेमला शून्यापासून एका पूर्ण फ्रेमपर्यंत थांबावे लागते.

आता ती काय करत नाही ते पाहा. साधी फ्रेम सिंक चित्राचे रिझोल्यूशन बदलत नाही, इंटरलेसचे (एका आड एक ओळी आळीपाळीने पाठवणाऱ्या चित्राचे) प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम पाठवणारे) करत नाही आणि ५९.९४ चे ५० करत नाही. ही कामे फॉरमॅट कन्व्हर्टरची, म्हणजे तुमच्या स्विचरवरील त्या दोन स्केलरची आहेत. अनेकांचा गोंधळ होतो कारण एटीईएम मिनीसारख्या छोट्या स्विचरमध्ये प्रत्येक इनपुटला कन्व्हर्टर आणि रीसिंक (म्हणजे फ्रेम सिंकच) दोन्ही जोडूनच दिलेले असते. तिथे काहीही लावले तरी चित्र येते, आणि त्या सवयीने माणूस मोठ्या एसडीआय स्विचरकडे वळला की त्याला वाटते फ्रेम सिंक म्हणजेच ते सगळे. तुमच्या स्विचरवर सहा इनपुट असे आहेत की जिथे सोर्स सिस्टीम फॉरमॅटमध्येच यावा लागतो. तिसरा कॅमेरा बहुधा तिथेच अडला आहे. मॉनिटर ५९.९४ ही दाखवतो आणि ५० ही दाखवतो, त्यामुळे मॉनिटरवर चित्र दिसले यावरून फॉरमॅट बरोबर आहे असे ठरत नाही.

म्हणून सुरुवात सिस्टीम फॉरमॅटपासून करावी. त्यातही पहिला निर्णय ५० की ६० हा घ्यावा. लॅपटॉप ६० वर चालतो, मोबाइल ६० वर चालतो, म्हणून सगळे ६० वर नेऊ, असा मोह होतो. मी तसे करत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मंडपातील ट्यूब, हॅलोजन आणि स्वस्त एलईडी फ्लड यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा ५० वर आणि शटर १/५० किंवा १/१०० वर असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये प्रकाशाच्या पूर्ण आवर्तनांची संख्या सारखी येते आणि चित्र स्थिर राहते. ६० वर १/६० शटर ठेवले की फ्रेमागणिक उजेड थोडा बदलतो आणि पांढऱ्या पडद्यावर, महाराजांच्या फेट्यावर, धोतरावर ती लहर दिसू लागते. ६० वर असतानाही शटर १/१०० ठेवून हे बरेचसे टाळता येते, पण मग रात्रीच्या कीर्तनात उजेड कमी पडतो. शिवाय कॅमकॉर्डर ५० चे आहेत. दोन मुख्य कॅमेरे मोडून लॅपटॉपची सोय पाहण्यात अर्थ नाही. उद्या एखाद्या वाहिनीने फीड मागितले तर तेही बहुधा १०८०आय५० मध्येच मागतील. लॅपटॉपने ५० ला यावे, हे सरळ.

पुढचा निर्णय १०८०आय५०, १०८०पी२५ की १०८०पी५० हा आहे, आणि तो तुमच्या साहित्यावर अवलंबून आहे. कॅमकॉर्डर ३जी-एसडीआयवर १०८०पी५० देत असतील आणि स्विचर ते घेत असेल, तर मी निःसंकोचपणे १०८०पी५० निवडेन. यूट्यूब प्रोग्रेसिव्ह आहे, एलईडी वॉल प्रोग्रेसिव्ह आहे. मधेच इंटरलेस ठेवले तर एकदा एन्कोडरला आणि एकदा एलईडीच्या प्रोसेसरला डीइंटरलेस करावे लागते, आणि तिथे चित्राची धारही जाते आणि वेळही. दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १०८०पी५० ची एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते, तर १०८०आय५० आणि १०८०पी२५ ची पूर्ण फ्रेम ४० मिलिसेकंदांची. साखळीत जिथे जिथे 'एक फ्रेम थांबा' असे होते, तिथे तिथे पी५० वर निम्मा वेळ जातो. तुमची तिसरी तक्रार लक्षात घेता ही बचत मोठी आहे. गावातले नेट कमजोर असेल आणि यूट्यूबला २५ फ्रेमच पाठवायच्या असतील, तरी सिस्टीम पी५० वर ठेवावी. एक सोडून एक फ्रेम घेतली की स्वच्छ २५ मिळतात.

१०८०पी५० ची एक अट केबलची आहे. १०८०आय५० साठी एसडीआयचा वेग सेकंदाला १.४८५ गिगाबिट असतो, १०८०पी५० साठी तो दुप्पट, म्हणजे २.९७ गिगाबिट लागतो. जी केबल वर्षानुवर्षे १०८०आय५० वर निर्धोक चालली, तीच लांब पल्ल्याला पी५० वर चित्रात पांढरे ठिपके आणते किंवा चित्र मधूनमधून घालवते. मंडपातली केबल बैलगाडी, ट्रॅक्टर आणि माणसांच्या पायाखालून गेलेली असते, कुठेतरी दुमडलेली असते, कुठेतरी बीएनसी (केबलच्या टोकाचा कनेक्टर) पुन्हा क्रिंप केलेला असतो. अशा केबलवर कागदावरची लांबी धरून चालू नये. कीर्तनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक केबल पी५० वर अर्धा तास चालवून पाहावी आणि जिथे ठिपके दिसतील तिथे केबल बदलावी किंवा मध्ये रीक्लॉकर (सिग्नल पुन्हा ताजा करून पुढे पाठवणारा डबा) घालावा. आणखी एक बारकी गोष्ट म्हणजे ३जी-एसडीआयमध्ये लेव्हल ए आणि लेव्हल बी असे दोन प्रकार आहेत. काही जुने स्विचर त्यांपैकी एकच ओळखतात. कन्व्हर्टरवर त्यासाठी बहुधा छोटा डिप स्विच असतो किंवा मेनूत पर्याय असतो.

कॅमकॉर्डर पी५० देत नसतील, किंवा केबल बदलण्याचे बजेट नसेल, तर १०८०आय५० वरच राहावे, त्यात काही कमीपणा नाही. १०८०पी२५ मात्र मी कीर्तनासाठी टाळतो. मृदंग वाजवणारा हात आणि पावलीवर उड्या घेणारे टाळकरी २५ फ्रेममध्ये तुटक दिसतात, आणि डिलेचा फायदाही काही होत नाही.

आता तुमचे दोन स्केलर कुणाला द्यायचे? माझा नियम असा आहे की जो सोर्स स्वतःच्या मेनूतून सिस्टीम फॉरमॅटला आणता येतो, त्याच्यावर स्केलर खर्च करू नये. स्केलर त्यालाच द्यावा जो ऐकतच नाही. सिस्टीम १०८०पी५० असेल तर लॅपटॉप थेट १०८०पी५० देऊ शकतो आणि त्याला फक्त फ्रेम सिंक पुरते. एक स्केलर ड्रोनला जातो आणि दुसरा हाताशी मोकळा राहतो. ऐन वेळी गावातला कुणीतरी पेन ड्राइव्ह, मोबाइल किंवा हँडीकॅम घेऊन येतोच, तेव्हा तो उपयोगी पडतो. सिस्टीम १०८०आय५० असेल तर गणित बदलते. आजचे लॅपटॉप इंटरलेस आउटपुट सहसा देत नाहीत, म्हणून एक स्केलर लॅपटॉपला आणि दुसरा ड्रोनला द्यावा लागतो. मग तिसरा कॅमेरा मेनूतूनच १०८०आय५० वर आणल्याशिवाय गत्यंतर नाही.

तिसऱ्या कॅमेऱ्यासाठी तीन ठिकाणे तपासा. पहिले, मेनूतील पाल (५० ची पद्धत) आणि एनटीएससी (६० ची पद्धत). ते एनटीएससीवर असेल तर कॅमेरा ५९.९४, २९.९७ किंवा २३.९८ यांपैकी काहीतरी देतो, ५० कधीच देणार नाही. सोनीच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत हा पर्याय बदलला की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावे लागते, म्हणून आधी कार्डावरचे काम उतरवून घ्या. दुसरे, एचडीएमआय रिझोल्यूशन 'ऑटो' वर असेल तर ते सिस्टीमप्रमाणे १०८०पी किंवा १०८०आय असे हाताने पक्के करा. 'ऑटो' वर कॅमेरा समोरच्या यंत्राने जे मागितले ते देतो, आणि कन्व्हर्टर काय मागेल याचा भरवसा नसतो. त्याच मेनूत एचडीएमआयवर माहिती दाखवणे बंद करा, नाहीतर बॅटरीचे चिन्ह एलईडीवर झळकते. तिसरे, एचडीएमआय ते एसडीआय कन्व्हर्टर. साधा कन्व्हर्टर फक्त वायर बदलतो, फॉरमॅट बदलत नाही. त्यात जे जाते तेच बाहेर येते. कॅमेरा ५९.९४ देत असेल तर त्याची एसडीआयही ५९.९४ चीच असणार, आणि तुमचा स्विचर ती नाकारणार. तुमच्या वर्णनावरून मला दोष याच साखळीत, बहुधा पहिल्याच ठिकाणी दिसतो.

कॅमेरा १०८०पी२५ रेकॉर्ड करत असेल तर एचडीएमआयवर नेमके काय निघते, हे मॉडेलवर अवलंबून असते. काही कॅमेरे तीच फ्रेम दोनदा देऊन ५० पूर्ण करतात. स्विचरला ते चालते, पण त्या कॅमेऱ्यावर कट केला की हालचाल एकदम वेगळी दिसते. म्हणून रेकॉर्डिंगही ५० वर ठेवा.

लॅपटॉपच्या अडखळण्याचे कारण साध्या वजाबाकीत आहे. लॅपटॉप सेकंदाला ६० फ्रेम देतो, स्विचरला ५० हव्यात. स्केलर साधा असेल तर तो दर सेकंदाला १० फ्रेम, म्हणजे प्रत्येक सहावी फ्रेम, टाकून देतो. स्थिर स्लाइडमध्ये ते कळत नाही, पण सरकणाऱ्या ओळीला सेकंदाला १० झटके बसतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते लगेच खुपतात. उपाय असा की विंडोजमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन स्विचरला जोडलेल्या दुसऱ्या स्क्रीनचा रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करावा आणि रिझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवावे. स्क्रीन 'डुप्लिकेट' न ठेवता 'एक्स्टेंड' ठेवावी, नाहीतर लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आपल्या ६० चा आग्रह दुसऱ्यावरही लादतो. ५० चा पर्याय दिसत नसेल तर कन्व्हर्टर लॅपटॉपला ५० ची माहिती देत नाही असे समजावे. ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्र रिझोल्यूशन तयार करून बहुतेक वेळा ते साधते. तेही झाले नाही तर सरकत्या ओळी सोडून द्याव्यात आणि अभंगाची दोन-दोन चरणे स्थिर दाखवावीत. कीर्तनात म्हणणाऱ्यांना स्थिर चरण वाचायला सोपेच जाते, आणि मी स्वतः तेच पसंत करतो.

लॅपटॉपच्या बाबतीत रंगांची श्रेणीही पाहून घ्यावी. संगणक पूर्ण श्रेणी, म्हणजे ० ते २५५, पाठवत असेल आणि स्विचर १६ ते २३५ ची अपेक्षा करत असेल, तर काळ्या भागातले तपशील बुडतात आणि पांढरा भाग फुटतो. विठ्ठलाची काळी मूर्ती असलेली स्लाइड लावून पाहा. मूर्तीच्या चेहऱ्यावरची घडण दिसत नसेल तर लॅपटॉपचे आउटपुट 'लिमिटेड' वर करा.

ड्रोनबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रिमोटच्या एचडीएमआयवर जे येते ते स्केलरला द्यावे. तो आधीच वायरलेसने उशिरा आलेला असतो, आणि आकाशातून दिसणाऱ्या दिंडीच्या ओठांकडे कुणी पाहत नाही. सेट-टॉप बॉक्स मात्र जोडू नये. त्याचे चित्र एचडीसीपीने, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाने, बंद केलेले असते, स्विचर ते काळेच दाखवणार, आणि दुसऱ्याची वाहिनी आपल्या प्रक्षेपणात दाखवण्याचा आपल्याला हक्कही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, फ्रेम सिंक चालू की बंद. जेनलॉक नसलेल्या प्रत्येक सोर्सवर ती चालूच हवी, यात तडजोड नाही. तिसरा कॅमेरा, लॅपटॉप आणि ड्रोन यांच्यावर ती कायम चालू राहील. कॅमकॉर्डरना जेनलॉक इनपुट असेल तर पर्याय खुला होतो. जेनलॉक म्हणजे एकाच मृदंगाच्या ठेक्यावर सगळ्या टाळकऱ्यांनी टाळ वाजवणे. स्विचर आणि कॅमेरे एकाच रेफरन्सवर, म्हणजे एकाच घड्याळाच्या सिग्नलवर, चालतात, सगळ्यांची फ्रेम एकाच वेळी सुरू होते आणि कुणालाही कुणासाठी थांबावे लागत नाही. तेव्हा त्या इनपुटची फ्रेम सिंक बंद करून तेवढा डिले वाचवता येतो. त्यासाठी स्विचरच्या रेफरन्स आउटपुटमधून किंवा वेगळ्या सिंक जनरेटरमधून ७५ ओहमच्या केबलने सिग्नल कॅमेऱ्यांना न्यावा लागतो, आणि एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात लूप करत नेला असेल तर शेवटच्या कॅमेऱ्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावावा लागतो. कॅमेरा ब्लॅक बर्स्ट घेतो की ट्राय-लेव्हल (रेफरन्स सिग्नलचे दोन प्रकार), हे त्याच्या पुस्तिकेत पाहा. ब्लॅकमॅजिकच्या स्टुडिओ कॅमेऱ्यांत तर स्विचरकडून परत येणाऱ्या एसडीआय प्रोग्रॅम फीडवरच (प्रक्षेपणात जाणाऱ्या चित्रावरच) कॅमेरा लॉक करता येतो आणि वेगळी केबल लागत नाही. लॉक झाला असे दिसले तरी कॅमेऱ्याची हॉरिझॉन्टल फेज, म्हणजे प्रत्येक ओळ सुरू होण्याची वेळ, जुळवावी लागते. फ्रेम सिंक बंद केल्यावर चित्र आडवे सरकलेले दिसले तर फेज अजून बाकी आहे असे समजा.

जेनलॉक करणे शक्य नसेल तर खंत बाळगू नका. जेनलॉकशिवाय, फक्त फ्रेम सिंकवर चांगली कामे रोज होतात. फक्त तिची एक मर्यादा माहीत असू द्या. कॅमेऱ्याचे आणि स्विचरचे घड्याळ दशलक्षात २० भागांनी वेगळे असेल, तर १०८०पी५० वर २० मिलिसेकंदांचा फरक साठायला १००० सेकंद, म्हणजे सतरा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळाने एक फ्रेम दोनदा दिसते किंवा एक गळते. संथ चित्रात ते कळणार नाही. गजराच्या शेवटच्या टप्प्यात मृदंगावर हात वेगाने पडत असेल आणि नेमका तोच क्लोज-अप प्रोग्रॅमवर असेल, तर हात एका जागी किंचित थबकल्यासारखा दिसतो. तो दोष नाही, यंत्रणेचा स्वभाव आहे. पण हाच थबका सतरा मिनिटांऐवजी दर सोळा-सतरा सेकंदांनी दिसत असेल तर वेगळी गोष्ट आहे. ५९.९४ आणि ६० यांतला फरक बरोबर तेवढ्या वेळात एक फ्रेम साठवतो, म्हणजे ६० च्या सिस्टीमवर कुणीतरी दोघांची सरमिसळ केली आहे. तुम्ही ५० वर राहिलात तर ही भानगडच उद्भवत नाही, हे ५० च्या बाजूचे आणखी एक कारण.

इनपुटच्या त्याच पानावर सिग्नल गेल्यावर काय दाखवायचे, याचा पर्याय काही स्विचरमध्ये असतो, शेवटची फ्रेम गोठवायची की काळे करायचे. पुष्कळजण गोठवणे निवडतात, कारण प्रेक्षकांना धक्का कमी बसतो. मी काळे निवडतो. गोठलेला कॅमेरा मल्टिव्ह्यूवर (सगळे सोर्स एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर) जिवंत वाटतो, ऑपरेटर निश्चिंतपणे त्यावर कट करतो आणि महाराज तोंड उघडे ठेवून स्थिर दिसतात. काळी चौकट लगेच लक्षात येते आणि हात तिकडे जात नाही.

आता एलईडी. तिथला डिले एका ठिकाणी होत नाही, वाटेत थोडा थोडा साठतो. मिररलेस कॅमेरा एचडीएमआयवर चित्र काढतानाच एकदोन फ्रेम घेतो. फ्रेम सिंक एका फ्रेमपर्यंत घेते. स्केलर आणि डीइंटरलेसर एकदोन फ्रेम घेतात. एलईडीचा प्रोसेसर पुन्हा स्केल करतो आणि आणखी एकदोन घेतो. आवाज मात्र माइकमधून साउंडवाल्यांच्या मिक्सरमध्ये आणि तिथून स्पीकरमध्ये जवळजवळ क्षणात पोहोचतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर३७ शिफारशीत आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून अधिक पुढे आणि ६० मिलिसेकंदांहून अधिक मागे नसावा असे म्हटले आहे. पुढे येणाऱ्या आवाजाची मर्यादा अधिक कडक आहे, कारण निसर्गात उजेड आधी आणि आवाज नंतर पोहोचतो. उशिरा आलेल्या आवाजाची कानांना सवय असते, आधी आलेला आवाज मात्र खटकतो. तुमच्या मंडपात नेमके तेच होते आहे.

अंदाज बांधू नका, मोजा. त्यासाठी वारकऱ्यांच्या टाळापेक्षा चांगले साधन मला सापडलेले नाही. दोन्ही वाट्यांच्या कडा एकमेकींना लागतात तो क्षण डोळ्यांना स्पष्ट दिसतो आणि आवाजही टोकदार असतो. एका टाळकऱ्याला मुख्य कॅमेऱ्यासमोर उभे करून टाळ थांबत थांबत वाजवायला सांगा, कीर्तनाचाच माइक त्याच्यापुढे धरा, आणि प्रोग्रॅम आवाजासह रेकॉर्ड करा. एडिटिंगच्या टाइमलाइनवर आवाजाचे शिखर कुठे आहे आणि वाट्या कुठल्या फ्रेमला जुळतात ते मोजा. १०८०पी५० वर तीन फ्रेमचे अंतर म्हणजे ६० मिलिसेकंद. यूट्यूबसाठी स्विचरच्या किंवा एन्कोडरच्या ऑडिओ इनपुटला तेवढा डिले द्या, म्हणजे तो भाग संपला. एचडीएमआयमधून कॅमेऱ्याबरोबर आलेल्या आवाजाला मात्र हा डिले देऊ नका, तो चित्राबरोबरच थांबत आलेला असतो. कॅमेऱ्याकॅमेऱ्यांत फरक असेल तर महाराजांचा क्लोज-अप देणारा कॅमेरा प्रमाण धरा, कारण ओठ त्यातच दिसतात.

एलईडीचे मोजमाप मोबाइलच्या स्लो मोशनने होते. सेकंदाला २४० फ्रेमवर टाळकरी आणि एलईडी दोन्ही एका चौकटीत येतील असे उभे राहून चित्रित करा. प्रत्यक्ष वाट्या जुळल्यापासून एलईडीवर जुळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची धरा. पंचवीस फ्रेम आल्या तर डिले १०० मिलिसेकंदांच्या आसपास आहे.

इथे मंडपाची लांबी कामाला येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. व्यासपीठाजवळच्या मुख्य स्पीकरपासून ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला आवाजच १०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे त्याच्यासाठी एलईडी आपोआप जुळते. तक्रार बहुधा पुढच्या रांगांतून येते, किंवा प्रत्येक खांबाला डिले न दिलेला स्पीकर बांधलेल्या मंडपातून येते. खांबांच्या स्पीकरला अंतराप्रमाणे डिले देण्याची विनंती साउंडवाल्यांना करा. तेवढ्याने मागच्या भागाचा प्रश्न बराच मिटतो आणि आवाजही स्वच्छ होतो. पुढच्या रांगांसाठी चित्राचाच डिले कमी करावा लागेल. त्यासाठी पी५० वर जा, जेनलॉक जमत असेल तर क्लोज-अपच्या कॅमेऱ्याची फ्रेम सिंक बंद करा, आणि एलईडीला जाणाऱ्या वाटेत फालतू कन्व्हर्टर ठेवू नका. प्रोसेसर एसडीआय घेत असेल तर मध्ये एचडीएमआय कशाला? मुख्य स्पीकरला मोठा डिले देऊ नका. महाराजांना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की बोलणे अडखळते, आणि गवयांची लय तर मोडूनच जाते.

काम करताना क्रम पाळा, कारण मागचा टप्पा बदलला की पुढचे सगळे पुन्हा करावे लागते. आधी सिस्टीम फॉरमॅट ठरवा. काही स्विचरमध्ये तो बदलला की साठवलेली चित्रे आणि लोगो पुसले जातात, म्हणून ग्राफिक्स नंतर भरा. मग रेफरन्स इंटर्नल की एक्स्टर्नल ते ठरवा. एक्स्टर्नल निवडून केबल लावायची राहिली तर स्विचर कशाला लॉक आहे हेच कळत नाही. त्यानंतर एकेक सोर्स त्याच्या स्वतःच्या मेनूतून सिस्टीमला आणा, उरलेल्यांना स्केलर द्या, फ्रेम सिंकची निवड करा, आणि सर्वांत शेवटी टाळ वाजवून आवाजाचा डिले भरा.

खरेदीबद्दल स्पष्ट सांगतो. प्रत्येक सोर्ससाठी कन्व्हर्टर घेऊ नका. तिसरा कॅमेरा आणि लॅपटॉप मेनूतून वाटेवर येतील अशी मला खात्री वाटते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पहिला खर्च चांगल्या केबलवर करा. दुसरा खर्च एका अशा क्रॉस कन्व्हर्टरवर करा जो स्केलही करतो आणि फ्रेम रेटही बदलतो. डेसिमेटरचा एमडी-एचएक्स ही दोन्ही कामे करतो आणि एचडीएमआय, एसडीआय दोन्ही घेतो. तो एका सोर्सला बांधून न ठेवता पेटीत ठेवा आणि ज्या दिवशी जो सोर्स अडेल त्याला लावा. नवा स्विचर घेण्याचा विचार हे सगळे करून झाल्यावरच करा, आणि तेव्हा इनपुटच्या संख्येपेक्षा किती इनपुटला स्केलर आहे हे आधी विचारा.

तिसऱ्या कॅमेऱ्याच्या मेनूत पाल-एनटीएससीचा पर्याय सापडला नाही, किंवा ५० वर आणूनही तो स्विचरवर आला नाही, तर कॅमेऱ्याचे मॉडेल, कन्व्हर्टरचे मॉडेल आणि स्विचरच्या त्या इनपुटच्या पानाचा फोटो पाठवा. कॅमकॉर्डरच्या मागच्या बाजूचाही एक फोटो जोडा, म्हणजे जेनलॉकचा बीएनसी आहे की नाही ते मला दिसेल.